भूत त्यांचं, आमिल आमचा

'रात्रीस खेळ चाले' झी मराठीवर २०१६ च्या फेब्रुवारीत सुरू झाली, तेव्हा मी ती पाहिली नाही. वेळ नव्हता असं नाही, ठरवून पाहिली नाही. त्या वर्षी सिंधुदुर्गातून मालिकेला विरोध झाला होता. आक्षेप दोन होते: कोकणाची बदनामी होते आणि अंधश्रद्धा पसरते. पहिल्याशी मला देणंघेणं नव्हतं, पण दुसऱ्यासाठी मी शहाद्याच्या टपरीवर कितीतरी कप चहा थंड केला. असल्या मालिका बंद झाल्या पाहिजेत, असं मी ठणकावून सांगायचो. एकही भाग न पाहता.

यंदा पाहिली. कारण माझी खाला. सत्तरी ओलांडलेली, हात मोडला म्हणून महिनाभर आमच्याकडे राहायला आलेली. इशाची नमाज झाली की म्हणायची, "बेटा, वो भूतवाली लगा." मग मी मोबाईल उशीला टेकवून लावायचो आणि आम्ही दोघं बघायचो. मालवणी आम्हा खान्देशवाल्यांना निम्मी कळते. खालाला चारआणेच कळायची, पण माझ्याआधी हसायची आणि माझ्याआधी दचकायची. मला रात्री उठून पाणी प्यायला जाताना आयतुल कुर्सी आठवायची, हेही कबूल करून टाकतो. इथे लपवून काय मिळणार?

आता मालिकेबद्दल. आकेरीचा तो वाडा, अण्णा नाईकांचा मृत्यू, त्यानिमित्ताने मुंबईहून आणि इकडूनतिकडून गोळा झालेलं घर. दार करकरतं, कुणीतरी एकटक बघतं, कुणाला तरी काहीतरी दिसतं. एवढंच असतं तर मी दोन भागांत झोपलो असतो. पण मला तिथे भूत चौथ्या क्रमांकावर दिसलं. पहिल्या क्रमांकावर जमीन, दुसऱ्यावर वाटणी, तिसऱ्यावर अण्णांनी जिवंतपणी केलेले उद्योग. घरातली माणसं एकमेकांना घाबरतात, आणि त्या भीतीचं नाव घ्यायची हिंमत नसते म्हणून भुताचं नाव घेतात. २०१९ च्या जानेवारीत आलेला दुसरा भाग मागे जातो आणि जिवंत अण्णा दाखवतो. शेवंता तिथे येते. गावात कुणाला काय माहीत आहे हे सगळ्यांना माहीत आहे, आणि सगळे गप्प आहेत. माणूस जिवंत असताना ज्याच्यासमोर तोंड उघडलं नाही, त्याला मेल्यावर भूत म्हणायला गाव मोकळं. मालिकेने हे मुद्दाम केलं की टीआरपीच्या ओघात झालं, मला ठाऊक नाही. पण झालंय खरं.

मालिकेची खोडीही सांगतो. नीलिमा नावाची सून विज्ञानाच्या गोष्टी करते. शंका घेणारी तीच एक. आणि मालिका तिला किती छळते! ती काही शहाणपणाचं बोलली की पुढच्या पाच मिनिटांत दार आपटलंच पाहिजे. शंका घेणारी बाई म्हणजे हट्टी, शहरी, घराण्याशी फटकून वागणारी, हा समज पक्का करायला एवढं पुरतं. अशा मालिकांच्या सुरुवातीला अंधश्रद्धेला उत्तेजन देण्याचा हेतू नाही अशी पाटी झळकते. पाटी दहा सेकंद, दार दहा महिने.

तरीही ती बंद करा म्हणणाऱ्या २०१६ च्या माझ्याशी आज माझं भांडण आहे. मी राहतो नंदुरबार जिल्ह्यात. इथून दीड-दोन तासांवर सातपुड्यात धडगाव आणि अक्कलकुवा हे तालुके आहेत. तिथे एखाद्या बाईला डाकीण ठरवून मारल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या बातम्या मी लहानपणापासून वाचतोय, आणि त्या झी मराठी सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून येतात. ज्या पाड्यावर वीज नीट नव्हती तिथे मालिका काय पोचणार होती? तिथे पोचला भगत. डॉक्टर पोचायला मात्र फार उशीर झाला. मूल दगावलं, जनावर मेलं, कुणाचं पोट फुगलं, की कारण हवं असतं, आणि भगत कारणाला नाव देतो. ते नाव बहुतेक वेळा एकट्या बाईचं निघतं. विधवा, मूल नसलेली, किंवा जिच्या नावावर वावराचा तुकडा आहे आणि ज्या तुकड्यावर दिराचा डोळा आहे. अण्णांच्या वाड्यातलं भूत आणि सातपुड्यातली डाकीण यांची ओळख सातबाऱ्यावर पटते. फरक एवढाच की वाड्यातल्या भुताला कुणी दगड मारत नाही. डाकिणीला घर असतं, चूल असते, आणि पळून जायला जागा नसते.

हे वाचून आमच्यातले काही मान डोलावतील. जंगलातले लोक, अडाणी, त्यांच्यात असतंच. ही मान डोलावणं मला सहन होत नाही. धडगावचा पावरा किंवा भिल्ल अडाणी आणि आपण तौहीदवाले, म्हणून स्वच्छ? एक अल्लाह मानला की करणी-भानामती आपोआप गळून पडते, अशी आपली समजूत आहे. मग आपल्या मोहल्ल्यातल्या विजेच्या खांबांवर चिकटलेले कागद कुणाचे? 'रूठी बीवी को मनाना, सौतन से छुटकारा, कारोबार में बंदिश, चोवीस घंटे में काम'. खाली मोबाईल नंबर. हा आमिल कोकणातून आलेला नाही. हिंदी भुतांच्या सिनेमांत मोरपिसांचा झाडू घेऊन आणि लोबान जाळून येणारा फकीर आपण लहानपणी किती अभिमानाने पाहिला! अख्ख्या पडद्यावर आपला एकच माणूस, आणि त्याला काम काय, तर झाडफूक. कुणालाही त्यात अपमान वाटला नाही.

आता खालाचं सांगतो. तिनेच सांग म्हटलंय.

तिला लग्नानंतर दोनेक वर्षांनी झटके सुरू झाले. चुलीसमोर बसलेली असताना डोळे वर जायचे, दात आवळले जायचे, अंग ताठ व्हायचं. सासरच्यांनी ठरवलं, असर आहे. चिंचेखालून गेली असेल, केस मोकळे असतील. तिला एका आमिलकडे नेलं. त्याने जिन बोलता केला, म्हणजे खालाला चापट्या मारून "तू कौन है" विचारलं, आणि ती बेशुद्धीत जे बडबडली त्यातून स्वतःला हवं ते नाव काढलं. नाव निघालं तिच्या जाऊबाईचं. करणी जाऊने केली म्हणे. मग जिन निघावा म्हणून कोळशावर सुक्या मिरच्या टाकल्या आणि खालाचं डोकं चादरीखाली धरलं. आमचा नंदुरबार मिरचीचा. हंगामात पथारींवर सुकणारी मिरची मैलभर डोळ्यांत जाते. ती मिरची बंद चादरीत काय करते याचा अंदाज इथल्या कुठल्याही बाईला आहे. आणि ती चादर धरायला घरातल्या बायकाच होत्या.

पुढे अब्बांनी तिला सुरतेला नेलं. डॉक्टरने पाच मिनिटं विचारलं आणि मिरगी सांगितली. गोळी सुरू झाली. ती गोळी आजही तिच्या उशाशी असते. झटके थांबले, पण जाऊ आणि तिच्यातलं बोलणं जे थांबलं ते जाऊ वारली तरी सुरू झालं नाही. एका घरात, एका आडव्या भिंतीच्या दोन बाजूंना, चाळीस वर्षं. जाऊला कुणी डाकीण म्हटलं नाही, कारण आपल्याकडे तो शब्द नाही. काम मात्र तेच झालं.

मालिका बघताना एका रात्री मी खालाला विचारलं, तुला भीती नाही वाटत? म्हणाली, "हे पैसे घेऊन करतात ना, नाटक. त्याने खरंच केलं होतं."

या एका वाक्यासमोर माझे २०१६ चे सगळे चहा वाया गेले.

आता मौलानांचा युक्तिवाद. मी हे बोललो की ऐकवलं जातं, जिन कुरआनात आहेत, इन्कार करशील तर ईमान जाईल. मी इन्कार करत नाही. जिन आहेत असं अल्लाहने सांगितलं, मी मानलं. पण ते जाऊबाईच्या सांगण्यावरून खालाच्या अंगात शिरतात, त्यांना काळा बकरा आणि रोख रक्कम लागते, आणि मिरचीच्या धुराने त्यांना ठसका लागतो, हे कुठल्या आयतीत आहे? रसूलल्लाहचे लहानगे पुत्र इब्राहीम वारले त्या दिवशी सूर्याला ग्रहण लागलं होतं. लोक म्हणू लागले, सूर्यालाही दुःख झालं. एखाद्या आमिलने याहून मोठी संधी कधी पाहिली असती? पण पैगंबरांनी, स्वतःच्या मुलाच्या दुःखात असताना, लोकांना सांगितलं की सूर्यचंद्राला ग्रहण कुणाच्या मरणामुळे किंवा जन्मामुळे लागत नाही. ही हदीस बुखारीत आहे, आपल्या मदरशांत शिकवतात. आणि भविष्य सांगणाऱ्याकडे जाऊन विचारणाऱ्याची चाळीस दिवसांची नमाज कबूल होत नाही, ही मुस्लिममध्ये आहे. मग खांबावरच्या कागदाबद्दल जुम्म्याच्या बयानात एक शब्द का नाही? टीव्ही हराम यावर तासभर बोलता येतं. आमिलवर बोललं की कुणाचा तरी मामा दुखावतो.

दुसरी सबब कायद्याची. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांत सरकारने अध्यादेश काढला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो होऊ नये म्हणून हा हिंदूंच्या विरोधातला कायदा आहे असा प्रचार वर्षानुवर्षं चालला होता. आपल्यातल्या अनेकांनी तो प्रचार ऐकून सुटकेचा श्वास सोडला: त्यांचं आहे, त्यांचं त्यांना. अध्यादेश निघाल्यावर लवकरच, सप्टेंबर २०१३ मध्ये, नांदेडला जी पहिली कारवाई झाली ती मधुमेहापासून एड्सपर्यंत सगळ्यांवर चमत्कारी इलाज सांगणाऱ्या दोघांवर, आणि ते दोघे मुसलमान होते. यात लाजण्यासारखं काही नाही आणि कांगावा करण्यासारखंही नाही. कायद्याला धर्म दिसला नाही, फसवणूक दिसली.

कायद्याची अनुसूची काढून वाचा, मराठीत आहे. भूत उतरवण्याच्या बहाण्याने बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, हा पहिल्याच कलमातला गुन्हा. म्हणजे खालाची चादर तिथे लिहिलेली आहे. अमकी व्यक्ती करणी करते, काळी जादू करते, मंत्राने जनावराचं दूध आटवते असं सांगून तिचं जगणं मुश्किल करणं, हाही गुन्हा. म्हणजे धडगावची बाईही तिथे आहे आणि खालाची जाऊही. साप चावल्यावर दवाखान्यात नेऊ न देता मंत्र मारत बसणं, तेही. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. आणि घरात, मंदिरात, दर्ग्यात कुणाला इजा न होता चालणाऱ्या उपासनेला त्यात हात लावलेला नाही, हेही तिथेच लिहिलंय. पोलीस ठाण्यात यासाठी दक्षता अधिकारी नेमायचा असतो. आपल्या मोहल्ल्यातून त्याच्याकडे किती जण गेले असतील? मला एकही माहीत नाही. गेलो तर कोम बदनाम होईल, ही भीती. सिंधुदुर्गवाल्यांना कोकण बदनाम होण्याची भीती होती, आपल्याला कोम बदनाम होण्याची. बाईचं काय होईल याची भीती दोन्हीकडे शेवटच्या रांगेत.

मालिका बघून कुणी आमिलकडे जात नाही, असं माझं म्हणणं नाही. एखादा जातही असेल. पण चॅनलविरुद्ध निवेदन देणं सोपं असतं, ते दूर मुंबईत असतं. आमिल गल्लीच्या टोकाला राहतो, लग्नात आपल्या शेजारी जेवायला बसतो, आणि त्याच्या पोराची फी भरायला आपणच वर्गणी काढलेली असते. अंनिसचे कार्यकर्ते सातपुड्यात जाऊन डाकीण प्रथेविरुद्ध गावकऱ्यांशी समोरासमोर बोलत आले आहेत. आपण स्वतःच्या गल्लीत बोलू शकत नाही.

महिन्याभरापूर्वी मी आमच्या मशिदीच्या कमिटीतल्या एका बुजुर्गांना म्हटलं, चाचा, वुजूखान्याच्या मागच्या भिंतीवर आमिलचा कागद आहे, तो काढू या आणि त्या जागी कायद्याचं एक पान लावू या. चाचा म्हणाले, मीटिंगमध्ये घेऊ. एक मीटिंग रमजानच्या हिशेबात गेली, दुसरी मोटारच्या दुरुस्तीत. गेल्या जुम्म्याला मी स्वतःच कागद ओरबाडला. अर्धा निघाला, अर्धा चिकटून राहिला, कारण खळ घट्ट होती. नंबर खालच्या अर्ध्यात आहे.

खालाचं प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघेल. दुसऱ्या भागातले बरेच एपिसोड अजून बाकी आहेत, आणि शेवंताचं पुढे काय होतं ते मला आधी सांगायचं नाही, अशी तिची ताकीद आहे.