चाऱ्याचा रंग पाहावा

उन्हाळ्यात गोठ्यास भेट दिली की आपण कार्यकर्ते शेतकऱ्यास एकच प्रश्न विचारतो, "पेंढ्या किती उरल्या?" पेंढीचा रंग कसा आहे, हे मात्र पाहत नाही. माझ्या मते ही आपली मोठी चूक होय.

वाळल्या चाऱ्याचा हिरवेपणा हे त्यातील कॅरोटीनचे ढोबळ माप आहे. कॅरोटीनपासून जनावर 'अ' जीवनसत्त्व तयार करते. 'ब' गटातील जीवनसत्त्वे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातील सूक्ष्म जंतू बनवितात. 'अ' साठी मात्र चाऱ्यावरच अवलंबून राहावे लागते. चारा कडक उन्हात अनेक दिवस पडून राहिला किंवा ओला रचल्याने गंजीत तापला, की कॅरोटीनचा बहुतेक भाग नष्ट होतो. उन्हाने चाऱ्यात 'ड' जीवनसत्त्व वाढते हे खरे. पण आपली जनावरे उन्हात हिंडतात, त्यांना त्याची वाण पडत नाही.

हानी लगेच दिसत नाही, कारण यकृतातील साठा काही महिने पुरतो. कार्तिकापर्यंत हिरवे खाल्लेली गाय वैशाखात तिन्हीसांजेला दावणीवर अडखळते, व्याल्यावर तिची वार अडकते, क्वचित वासरू आंधळे जन्मते. असे एक वासरू मी पाहिले आहे. घरची माणसे ग्रहणास दोष देत होती. सारा दोष चाऱ्याचाच, असे मी म्हणणार नाही. परंतु गंजीतून उपसलेली पेंढी कागदासारखी पांढरी होती.

लसूणघास फुलोऱ्याच्या आरंभीच कापावा, थोडा सुकताच सावलीत न्यावा आणि दव असतानाच उलथावा, म्हणजे पाने झडत नाहीत. कॅरोटीन मुख्यतः पानांतच असते. मक्याचा मुरघास त्याहून सोयीचा. कडब्यावरच भिस्त असेल तर शेवरी, हादगा किंवा शेवग्याचा थोडा पाला रोज द्यावा. याला पैसा लागत नाही, म्हणूनच बहुधा कोणी मनावर घेत नाही.

आंबोणाचेही तसेच. दाणा भरडला की हवा लागून 'अ' आणि 'ई' जीवनसत्त्वे घटू लागतात. भाताचा कोंडा खवट झाला, तर त्यातील बिघडलेली चरबी सोबतच्या खाद्यातील ही जीवनसत्त्वेही नासविते. तेव्हा भरडा आठवड्यापुरताच काढावा. विकतचे पोते तारीख पाहून घ्यावे आणि भिंतीपासून दूर, फळीवर ठेवावे.