ब्राउझर मंदावला तर आधी पाणी कुठे अडले ते पाहा



हल्ली पुष्कळ शेतकरी घरांत एखादा संगणक आलेला दिसतो. मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेला, थोरल्याने नोकरीवरून पाठवलेला, नाहीतर कुणाचा वापरलेला स्वस्तात मिळालेला. सातबारा काढणे, पीकविम्याचा अर्ज भरणे, बाजारभाव पाहणे ही कामे आता घरच्या घरी होतात. पण नेमका अर्जाचा शेवटचा दिवस येतो आणि पडद्यावर ते गोल चक्र फिरत बसते. पान उघडता उघडत नाही. मग घरात चिडचिड होते, कुणी संगणकावर चापट मारतो, कुणी म्हणतो, "जुना झाला, नवा घ्या."

थांबा. पाकिटाला हात घालण्यापूर्वी एक विचार करा. वाफ्यात पाणी येत नसेल तर आपण लगेच नवी मोटार आणत नाही. विहिरीत वाकून पाहतो, मग मोटार, मग पाईप, मग दंड कुठे फुटला का ते पाहतो. इथेही तसेच करायचे. इंटरनेटवरची पाने दाखवणारा जो कार्यक्रम, म्हणजे क्रोम, फायरफॉक्स किंवा एज, त्याला ब्राउझर म्हणतात. तो मंद वाटला तरी दोष दरवेळी त्याचा नसतो. अडथळा चार ठिकाणी असू शकतो. ती चार ठिकाणे क्रमाने तपासा.

पहिले ठिकाण म्हणजे विहीर, अर्थात जिथून पान येते ती वेबसाइट. दुसऱ्या दोन-तीन वेबसाइट उघडून पाहा. त्या झटपट उघडल्या आणि अर्जाचीच तेवढी रखडली, तर तुमच्या संगणकात काही बिघाड नाही. शेवटच्या दिवशी एकाच दाराशी हजारो माणसे उभी असतात. अशा वेळी पहाटे किंवा रात्री उशिरा प्रयत्न करावा. खरे शहाणपण मुदतीच्या आठ दिवस आधी अर्ज भरण्यात आहे. आणखी एक लक्षात ठेवा. पैसे भरण्याचे बटण दाबल्यावर पान अडकले तर ते पुन्हा पुन्हा दाबू नका. बँकेचा संदेश आला का, खात्यातून रक्कम गेली का, हे आधी पाहा, मग पुढचे ठरवा.

दुसरे ठिकाण म्हणजे पाईप, अर्थात इंटरनेटची जोडणी. सगळ्याच वेबसाइट मंद असतील तर दोष बहुधा इथे असतो. बहुतेक घरांत मोबाईलच्या हॉटस्पॉटवर संगणक चालतो. त्यात रोजच्या डेटाला मर्यादा असते. ती संपली की अनेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. याचा अर्थ समजून घ्या. सातबाऱ्याचा ४ एमबीचा एक फोटो या वेगाने पाठवायला आठ मिनिटांहून जास्त लागतात आणि तोवर अर्जाचे पान कंटाळून बंद होते. म्हणून अर्ज भरायच्या दिवशी सकाळपासून मुलांना व्हिडिओ पाहू देऊ नका आणि फोटो लहान करूनच पाठवा.

घरावर पत्रे असतील तर एक साधी गोष्ट करून पाहा. पत्रा मोबाईलच्या लहरी अडवतो. आत देवळीत ठेवलेला फोन खिडकीत किंवा ओसरीवर नेऊन ठेवा. पुष्कळदा तेवढ्यानेच काम भागते. वायफायचे यंत्र असेल तर ते कपाटामागे किंवा जाड दगडी भिंतीआड ठेवू नये. उंच, मोकळ्या जागी ठेवावे.

तिसरे ठिकाण म्हणजे दारे धरणारा, अर्थात खुद्द ब्राउझर. एकट्या माणसाने वीस वाफ्यांची दारे एकदम धरायची म्हटले तर त्याची तारांबळ उडणारच. वर ओळीने जी टॅब उघडी दिसतात, त्यांतले जवळजवळ प्रत्येक संगणकाची थोडी स्मृती अडवून बसते. काम झालेली टॅब बंद करा. दुसरे असे की, ब्राउझरला एक्स्टेन्शन नावाची जोडकामे लावलेली असतात. काही आपण लावतो, काही फुकटच्या कार्यक्रमांबरोबर नकळत चिकटतात. त्यांची परीक्षा सोपी आहे. क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन ही बटणे एकदम दाबा. इन्कॉग्निटो नावाची काळी खिडकी उघडेल. आपण मुद्दाम परवानगी दिली नसेल तर तिथे ही जोडकामे चालत नाहीत. त्या खिडकीत तेच पान झटकन उघडले, तर दोष बहुतेक जोडकामांतच आहे असे समजा. मग सेटिंगमध्ये जाऊन जे ओळखीचे नाही ते काढून टाका.

"कॅश साफ करा" असा सल्ला जो तो देतो. कॅश म्हणजे आधी पाहिलेल्या पानांचा घरात भरून ठेवलेला साठा. तो असतो म्हणून पान दुसऱ्या वेळी लवकर उघडते. तेव्हा रोज उठून तो पुसण्यात तोटाच आहे. एखादे पान अर्धवट किंवा विचित्र दिसत असेल तेव्हाच पुसावा. पुसताना फक्त साठवलेली चित्रे आणि फाइली यांवरच खूण करा, पासवर्डवर नको, नाहीतर सगळे पुन्हा आठवत बसावे लागेल.

चौथे ठिकाण म्हणजे जमीन, अर्थात संगणक स्वतः. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात मेमरी आणि डिस्क यांपुढे टक्के दिसतात. मेमरी ९० टक्क्यांच्या पुढे असेल तर जागा संपत आली आहे. मग संगणक उरलेला माल हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. या ने-आणीत सगळा वेळ जातो. ४ जीबी रॅमच्या संगणकावर हे हमखास दिसते. शक्य असेल तिथे रॅम ८ जीबी करावी आणि फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवावी. नव्या संगणकापेक्षा हा खर्च सहसा पुष्कळ कमी येतो आणि फरक त्याच दिवशी दिसतो.

धुळीकडेही पाहा. धान्याच्या पोत्यांशेजारी किंवा कडब्याच्या खोलीत ठेवलेल्या संगणकाच्या पंख्यात भुसा अडकतो. यंत्र तापले की ते स्वतःला वाचवण्यासाठी आपणहून वेग कमी करते. संगणक बंद करून, वायर काढून, मऊ ब्रशने जाळी साफ करावी.

फार जुन्या संगणकाबाबत मात्र स्पष्ट सांगायला हवे. विंडोज ७ वर क्रोमच्या नव्या आवृत्त्या फेब्रुवारी २०२३ पासून मिळत नाहीत. विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करण्यापूर्वी जाणकाराला विचारावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. संगणक मंद झाला की माणूस घाईला येतो, आणि ठकसेन याच घडीची वाट पाहत असतात. "तुमच्या संगणकात व्हायरस आहेत, इथे दाबा," अशी पाटी पडद्यावर झळकते. खाली एखादा फोन नंबरही असतो. त्यावर फोन केला की समोरचा गोड बोलून तुमच्या यंत्राचा ताबा मागतो आणि पाहता पाहता खाते रिकामे करतो. अशी पाटी दिसली तर खिडकी बंद करा, होत नसेल तर संगणकच बंद करा. अनोळखी माणसाला यंत्राचा ताबा देऊ नका, ओटीपी तर कुणालाच सांगू नका. तरीही फसवणूक झालीच, तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवा आणि बँकेलाही सांगा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

सुनेला, मुलीला, शाळकरी नातवाला ही चार ठिकाणे समजावून द्या. विहीर, पाईप, दारे धरणारा आणि जमीन. घरात एकाला जरी हा क्रम पाठ झाला, तरी दुरुस्तीचे नाहक हेलपाटे वाचतील आणि विम्याचा अर्जही मुदतीत जाईल.