शिबिर मे महिन्यात नको

आपल्या शाळेच्या आसपासच्या गावांतील किशोरवयीन मुलामुलींसाठी उन्हाळ्यात नेतृत्व व करिअर शोध शिबिर भरवावे, असा विचार माजी विद्यार्थ्यांत बऱ्याच दिवसांपासून चालू आहे. आम्ही त्याच्या बाजूचे आहोत. मात्र ते मे महिन्यात, टाळ्यांच्या गजरात आणि पाहुण्यांच्या भाषणांत उरकले जाऊ नये, असे आम्हांस ठामपणे वाटते.

मे म्हणजे आंब्याचा हंगाम. ज्या घरांतील मुले या शिबिरात यावीत अशी आपली इच्छा आहे, त्या घरांना आंबा उतरवणे, निवडणे, पेट्या भरणे यांतून वर्षाच्या वह्या-पुस्तकांचा खर्च मिळतो. ती मजुरी बुडवून कोणती आई मुलाला शिबिरास पाठवील? १ जूनपासून यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी लागते. नौका किनाऱ्याला येतात, तांडेल घरी असतात, आंबा संपलेला असतो आणि शाळा अजून उघडलेली नसते. जूनचे पहिले बारा दिवस हेच शिबिराचे दिवस होत. पाऊस येईल, येऊ द्या. कोकणातली मुले पावसाला बिचकत नाहीत.

२०२३च्या उन्हाळ्यात राज्याच्या कौशल्य विकास विभागाने विधानसभा मतदारसंघांत छत्रपती शाहू महाराजांच्या नावाने युवाशक्ती करिअर शिबिरे भरवली. उपक्रम चांगला होता. पण दहावी-बारावी झालेल्यांना एका दिवसात दिलेली माहिती अनेकदा उशिरा पोहोचते. आरे-वारेहून रत्नागिरीस जाताना वाटेत शिरगाव लागते. तेथे १९८१पासून मत्स्य महाविद्यालय आहे. त्याच्या फाटकावरून शेकडो वेळा गेलेल्या मुलाला तेथील प्रवेशासाठी बारावी विज्ञान लागते, हे कला शाखेत गेल्यावर कळावे, यासारखे दुर्दैव नाही. म्हणून शिबिर आठवी-नववीच्या मुलांचे हवे. त्यांना शिरगावची प्रयोगशाळा दाखवावी, भाट्याचे नारळ संशोधन केंद्र दाखवावे, न्यायालयात एक दिवस मागच्या बाकावर बसवावे आणि जाळे विणणाऱ्या तांडेलाला गुरुस्थानी मानून त्याच्यासमोर बसवावे.

आपल्या घरांत करिअर म्हणजे मुंबई, हे समीकरण फार जुने आहे आणि त्यामागे कारणेही होती. खोतीच्या जाचात कुळांना जमिनीचा आधार नव्हता. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. प्रत्यक्ष कायदा १९४९मध्ये झाला. तोवर आपले कितीतरी आजोबा गिरण्यांत पोहोचले होते. १९८२च्या संपानंतर त्या गिरण्यांचा आसराही गेला, वाट मात्र तीच राहिली. आज रत्नागिरीच्या नौकांवर नेपाळहून आलेले खलाशी राबतात आणि येथील तरुण मुंबईत पहारेकऱ्याची नोकरी शोधतो. त्याने मुंबईस जाऊ नये असे आम्ही म्हणत नाही. जावे, पण डोळसपणे. ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर किंवा केवळ गुरूच्या शब्दावर विसंबू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितले. ते व्यवसायनिवडीलाही लागू आहे, मग सल्ला देणारे आम्ही माजी विद्यार्थी का असेनात.

आता नेतृत्वाविषयी. ध्वनिक्षेपकावर न अडखळता बोलणे म्हणजे नेतृत्व, ही समजूत आपल्या समाजात फार बोकाळली आहे. (सभांना तोटा नाही, हे त्याचे एक कारण असावे.) बारा दिवसांच्या स्वयंपाकाचा हिशेब मुलांनी ठेवावा, चुकला तर रात्री सर्वांसमोर तो जुळवावा. आरेच्या पुळणीवर पर्यटक बुडाल्याच्या घटना घडल्या आहेत. भरती-ओहोटीची वेळ काढणे, दोर फेकणे, प्रथमोपचार करणे मुलांनी शिकावे आणि अनोळखी माणसाला पाण्यात उतरू नका असे नम्रपणे, पण ठामपणे सांगून पाहावे. तेवढे ज्याला जमले, त्याला व्यासपीठाची घाई नाही.

राहता राहिला मुलींचा प्रश्न. निवासी शिबिर म्हटले की मुलींची नावे प्रथम गळतात आणि आपण पालकांना दोष देऊन मोकळे होतो. पालकांची काळजी खोटी नाही. शाळेचे मुलींचे वसतिगृह त्या दिवसांत रिकामेच असते. माजी विद्यार्थिनींपैकी ज्या परिचारिका, शिक्षिका, पोलीस वा बँकेच्या सेवेत आहेत, त्यांनी प्रत्येकी दोन रात्री तेथे मुक्कामास यावे आणि तत्पूर्वी एकदा गावात जाऊन त्या मुलींच्या आयांना भेटावे.