मंडळाचं चिन्ह कुणाच्या ताब्यात?

कबड्डी स्पर्धेच्या स्मरणिकेचं काम ज्यांनी केलंय त्यांना विचारा. जाहिराती मिळतात, मान्यवरांचे शुभसंदेशही वेळेत येतात. अडतं ते सहभागी संघांच्या बोधचिन्हांपाशी. आमच्या भागातल्या एका स्पर्धेची स्मरणिका मी बरीच वर्षं बघतो. संघाच्या सचिवांना फोन करून "लोगो पाठवा" म्हटलं, की व्हॉट्सअ‍ॅपवर लगेच काहीतरी येतं. गेल्या वर्षीच्या फ्लेक्सचा तिरका फोटो, ग्रुपच्या डीपीचा स्क्रीनशॉट किंवा घडी पडलेल्या जर्सीवरून टिपलेलं चित्र. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. मोबाइलच्या पडद्यावर ते त्याला स्वच्छ दिसत असतं.

छपाईचं गणित मात्र पडद्यापेक्षा वेगळं आहे. चांगल्या छपाईला एका इंचात साधारण ३०० ठिपके, म्हणजे पिक्सेल, लागतात. स्मरणिकेत दोन इंचांचा लोगो हवा तर ६०० पिक्सेल रुंदीचं चित्र पाहिजे. डीपीवरून घेतलेलं चित्र ३०० पिक्सेलचं असलं आणि तेच कमानीवरच्या फ्लेक्सवर तीन फूट रुंद लावलं, तर प्रत्येक ठिपका तीन मिलिमीटरचा होतो. फ्लेक्स लांबून बघायचा असल्यामुळे तिथे ३०० चा आग्रह नसतो, पण इतके मोठे चौकोन रस्त्यापलीकडूनही दिसतात.

त्यात जेपीजी. हा प्रकार १९९२ साली प्रमाणित झाला तो छायाचित्रांसाठी. चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे तुकडे करायचे आणि डोळ्यांना सहसा जाणवत नाही एवढा तपशील त्यातून वगळायचा, अशी त्याची रीत. चेहरा, आकाश, झाडं यांना ते चालतं. लोगोत सपाट रंग आणि धारदार कडा असतात. तिथे अक्षरांभोवती मळकट धूर जमल्यासारखा दिसतो. चित्र पुन्हा सेव्ह केलं, पुन्हा फॉरवर्ड केलं, की आणखी तपशील जातो. देवनागरीला याचा फटका विशेष बसतो. अनुस्वार आधीच बारीक. लहानशा बिल्ल्यावर तो पुसला जातो आणि 'संघ' चा 'सघ' होतो. रफार आणि वेलांटीचं टोक त्याच वाटेने जातात. शिवाय जेपीजीत पारदर्शक पार्श्वभूमी ठेवता येत नाही. भगव्या फ्लेक्सवर गोल लोगोमागे उठून दिसणारा पांढरा चौकोन येतो तो यामुळे.

पीएनजी १९९६ पासून प्रमाणित आहे. त्यात तपशील गळत नाही आणि पार्श्वभूमी पारदर्शक ठेवता येते. पडद्यावर, फेसबुकवर, सामन्याच्या थेट प्रक्षेपणात गुणफलकाशेजारी लोगो दाखवायला तो उत्तम. दोन हजार पिक्सेलचा पीएनजी मंडळाकडे असेल तर रोजची बहुतेक कामं भागतात. पण तोही ठिपक्यांचाच, त्यामुळे त्याला मर्यादा आहेच.

खरी मूळ फाइल म्हणजे व्हेक्टर. तिच्यात रेषा, वक्र आणि रंग यांचं गणिती वर्णन साठवलेलं असतं. छातीवरच्या बिल्ल्यापासून मैदानाच्या कमानीपर्यंत हवा तो आकार घ्या, कड तशीच राहते. आपल्याकडे छापखान्यांत आणि फ्लेक्सच्या दुकानांत ती बहुधा कोरल ड्रॉमध्ये, सीडीआर स्वरूपात असते. अडचण अशी, की नव्या व्हर्जनमध्ये सेव्ह केलेली सीडीआर जुन्या व्हर्जनमध्ये उघडत नाही. म्हणून सीडीआरसोबत पीडीएफ आणि एसव्हीजी हवेतच. पीडीएफ जवळपास कुठेही उघडते आणि एसव्हीजी वेबसाइटवर थेट वापरता येते.

इथे एक पक्कं लक्षात ठेवावं. अंधूक जेपीजी कोरलमध्ये आणून सीडीआर किंवा पीडीएफ म्हणून सेव्ह केली, तरी ती व्हेक्टर होत नाही. वेष्टन बदलतं, आत तेच ठिपके राहतात. ओळखायचं असेल तर फाइल खूप मोठी करून बघा. कडेला पायऱ्या दिसल्या की समजावं, मूळ फाइल ही नव्हे.

दुसरी गोष्ट अक्षरांची. छापखान्यांतली पुष्कळ मराठी कामं आजही युनिकोडपूर्व फॉन्टांत चालतात. तो फॉन्ट समोरच्या संगणकावर नसला की मंडळाच्या नावाजागी भलतीच चिन्हं उमटतात. त्यासाठी डीटीपीवाले "फाइल कर्व्ह करून द्या" म्हणतात, म्हणजे अक्षरांचं रूपांतर आकारांत करा. मग फॉन्टची गरज उरत नाही. फाइल बाहेर पाठवण्याआधी एवढं झालंच पाहिजे.

हे सगळं तांत्रिक वाटेल, पण मला खरी काळजी आहे ती दुसरीच. आपल्याकडच्या कित्येक जुन्या मंडळांची चिन्हं गावातल्या चित्रकला शिक्षकांनी किंवा साइनबोर्ड रंगवणाऱ्या पेंटरांनी काढलेली आहेत. झेप घेणारा चढाईपटू, कुस्तीची जोड, डोंगरामागचा सूर्य. नावाची अक्षरंही हातानेच घडवलेली. मूळ फाइल नसली की दर हंगामात नवा ऑपरेटर अंधूक फोटोवरून अंदाजाने पुन्हा काढतो. हाताच्या अक्षरांजागी तयार फॉन्ट येतो. चढाईपटूचा पाय बदलतो, मग चेहरा बदलतो. स्थापनावर्षातल्या अंधूक ९ चा १ होतो आणि चुकीचं साल छापलं जातं. पाच-सहा हंगामांत मूळ चित्र ओळखू येत नाही, आणि ते बदलायचं असं कोणत्याही बैठकीत ठरलेलं नसतं.

एवढं होऊनही मूळ फाइल कुठे आहे म्हणून विचारलं तर उत्तर येतं, "फ्लेक्सवाल्याकडे असेल." दुकान बंद झालं, हार्डडिस्क गेली, माणूस गाव सोडून गेला, की संपलं. घटना, सभासदांची नोंदवही आणि हिशोबाची पुस्तकं मंडळ स्वतःकडे ठेवतं, मग चिन्ह परक्याच्या संगणकावर का? काम देतानाच मूळ फाइल आणि ती वापरण्याचा हक्क मंडळाकडे राहील असं लेखी ठरवावं, आणि त्याबद्दल कलाकाराला योग्य मोबदलाही द्यावा. फुकटात करून घेतलेल्या कामाच्या फाइलवर आग्रह धरणं मला तरी योग्य वाटत नाही.

जुना रंगवलेला फलक अजून कार्यालयात असेल तर त्याचा दिवसाउजेडी, अगदी समोरून, चांगल्या कॅमेऱ्याने फोटो घ्या. तो जाणत्या माणसाकडून रेषेवर रेष ठेवून व्हेक्टरमध्ये काढून घ्या. आपोआप ट्रेस करणाऱ्या सोयीवर भिस्त ठेवू नका. ती वक्र वेडेवाकडे करते. भरतकामाच्या टोप्या करायच्या असतील तर टाक्यांची फाइल वेगळी बनवावी लागते आणि तिथे फार बारीक रेषा उतरत नाहीत. त्यासाठी सोपी आवृत्तीही त्याच वेळी काढून घ्यावी.

पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे फाइल जशीच्या तशी पोहोचते. ईमेल किंवा ड्राइव्हची लिंक असेल तर अधिक बरं. मंडळाच्या नावाच्या खात्यात एकच फोल्डर ठेवा: सीडीआर, पीडीएफ, एसव्हीजी, मोठा पीएनजी आणि रंगांचे क्रमांक. पासवर्ड अध्यक्ष आणि सचिव दोघांकडे असू द्या. कार्यकारिणी बदलली की तोही दप्तरासोबत सोपवा. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्या आणि मूळ फाइल ज्याच्याकडे आहे त्याला त्याच दिवशी फोन करा.