सायकलच्या तुंब्यातील गिअर : कोणता घ्यावा व कसा बसवावा

आमच्या करवीर नगरीत सपाट म्हणावा असा रस्ता फार थोडा. पंचगंगेच्या घाटाकडून गावात शिरावयाचे म्हणजे चढ, राजारामपुरीतून सागरमाळावरील विद्यापीठात जावयाचे म्हणजे चढ, आणि रविवारी पन्हाळ्याची हौस करावयाची म्हटले तर वाघबीळ सोडल्यावर चढावाचून दुसरे काही नाहीच. अशा गावात घरोघर जी उंच, काळी, मोठ्या चाकांची सायकल आहे तिला गती मात्र एकच, आणि तीही सपाट रस्त्यावरून जाणाऱ्या तरण्याबांड गड्याच्या पायांना मानवेल अशी. परिणाम असा होतो की साठी उलटली की आजोबा गुडघ्यावर हात ठेवून सायकल सोडतात, सूनबाई भाजीच्या दोन पिशव्या अडकवून चढावर हातानेच सायकल ढकलीत नेतात, आणि एवढे चांगले वाहन अखेर एकट्या धाकट्या चिरंजिवांच्या मालकीचे होऊन बसते. एकत्र कुटुंबातील सायकल सर्वांना चालविता यावी, एवढ्याच हेतूने आजचा विषय आम्ही घेतला आहे.

गिअर म्हटला की मागील चाकाला लोंबणारी चकत्यांची चळत पुष्कळांच्या डोळ्यांसमोर येते. आम्ही सांगत आहो तो गिअर दिसत नाही. तो चाकाच्या तुंब्यात, म्हणजे दुकानदार ज्याला हब म्हणतात त्यात, बंदिस्त असतो. इंग्लंडातील नॉटिंगहॅम येथे १९०२ मध्ये स्टर्मी-आर्चर या नावाने हा धंदा सुरू झाला. रॅले कंपनीचे बाउडन यांचे भांडवल होते. नावे स्टर्मी व आर्चर यांची लागली, पण मूळ कल्पकता विल्यम रायली नावाच्या गृहस्थाची होती. त्याचे नाव कोणाच्याही तोंडी राहिले नाही. पुढे २००० साली हा व्यवसाय तैवानातील सनरेस कंपनीकडे गेला, आणि हे हब आता तेथे बनतात.

त्याची रचना मोठी सुबक आहे. आसावर वीस दात्यांचा अचल सूर्य. त्याच्याभोवती फिरणारे वीस-वीस दात्यांचे चार ग्रह. आणि त्या सर्वांना वेढणारे, आतून साठ दात्यांचे कडे. साखळीचा जोर कड्याला देऊन चाक ग्रहांच्या पिंजऱ्याकडून फिरविले की गती पाऊणपट होते. उलट केले की सव्वापटीहून थोडी अधिक, म्हणजे चार-तृतीयांश होते. आणि मधल्या गतीत ही चक्रे मुळी कामच करीत नाहीत, जोर सरळ चाकाला पोहोचतो. म्हणून मधली गती पायाला सर्वांत हलकी लागते. वाचकांनी एवढी गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग आहे.

बाहेरच्या गिअरपेक्षा हा घरगुती सायकलीस का योग्य? एक तर साखळी एकाच रेषेत राहते, त्यामुळे पूर्ण चेनकव्हर ठेवता येते. साडीचा काठ किंवा धोतराचा सोगा तेलात माखत नाही. दुसरे, चौकात पोलिसाने हात दाखविला आणि सायकल उभी राहिली तरी जागच्या जागी खालची गती घेता येते.

बाजारात सात व आठ गतींचे हबही मिळतात. घरच्या सायकलीस ते घेऊ नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यांना मागच्या चिमट्यात १३० मिलिमीटर वा अधिक रुंदी लागते, आणि आपल्या सायकलींचा चिमटा त्याहून बराच अरुंद असतो. शिमानोच्या तीन गतींच्या हबासही १२० मिलिमीटर लागतात. चिमटा ताणता येतो, नाही असे नाही. पण ते काम जाणत्या मिस्त्रीचे. तीन गतींच्या स्टर्मी हबास सहसा इतकी ओढाताण लागत नाही.

जुन्या वाड्यात एखादी विलायती सायकल माळ्यावर पडली असेल तर तिचे मागचे चाक अवश्य पाहावे. हबाच्या अंगावर अक्षरे व सालाचे शेवटचे आकडे ठोकलेले असतात. ए डब्ल्यू अशी अक्षरे असल्यास ते १९३० नंतरच्या दशकापासूनचे भक्कम हब आहे. साफ करून खुशाल वापरावे. एस डब्ल्यू असल्यास मोह आवरावा. ती १९५५ च्या सुमाराची आवृत्ती दगा देणारी ठरली.

आता मुख्य मुद्दा. हब महाग घेऊन दुकानदाराने त्यावर जुन्याच मापाची चकती चढविली तर निम्मे पैसे पाण्यात गेले असे समजावे. समजा, पायडलाकडील चक्र ४४ दात्यांचे, मागील चकती १८ ची व चाक २८ इंची आहे. पायडलाच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ५.५ मीटर जाते. त्याच चकतीने तीन गती घेतल्यास ४.१, ५.५ व ७.३ मीटर पडतील. यातली वरची गती आमच्या गावात उतारावाचून कोण वापरणार? चकती २२ दात्यांची बसविल्यास हेच आकडे ३.४, ४.५ व ६ असे होतात. म्हणजे रोजच्या रहदारीत ती हलकी, थेट मधली गती, सपाटीवर वरची, आणि चढाला खरोखरीची खालची. तरुण मंडळीच चालविणार असतील तर २० दाते पुरेत. चकती चेनकव्हरात मावते की नाही हे आधी पाहावे. साखळीही थोडी वाढवावी लागेल.

बसविताना पहिली अडचण भोकांची. आपल्या मागील रिमला बहुधा ४० तारा असतात, आणि नवे हब ३६ भोकांचे येते. रिम ३६ भोकांची, पण मूळ आकाराचीच घ्यावी, म्हणजे दांड्यांचे ब्रेक जसेच्या तसे लागतात. तारांची लांबी नव्याने मोजून घ्यावी, आणि आठवड्याने पुन्हा एकदा चाकाचा आऊट काढून घ्यावा. आस फिरू नये म्हणून दोन्ही बाजूंस खाचेत बसणारे खास वॉशर असतात. ते गाळू देऊ नयेत. जुन्या हबाचे नट हरवले असल्यास बाजारचे साधे नट चालत नाहीत, कारण आसाचा व्यास १३/३२ इंच व आटे इंचाला २६. शिवाजी उद्यमनगरातील कुशल टर्नरला हे माप सांगितले म्हणजे झाले. ऑइल इंजिने घडविणाऱ्या गावाला एवढे अवघड नाही.

तारेचा ताण मात्र घरातील कर्त्या माणसाने स्वतः शिकून घ्यावा, कारण जिवाचा प्रश्न आहे. जुन्या हबात मधल्या व वरच्या गतीच्या मध्ये एक रिकामी जागा असते. ताण चुकलेला असला आणि स्वार चढावर पायडलावर उभा राहिला, तर पायडल एकाएकी मोकळे फिरते व माणूस दांडीवर आदळतो. नव्या कित्येक हबांत ही जागा काढून टाकली आहे. विकत घेताना तसे विचारून घ्यावे. जुन्या हबाची परीक्षा सोपी आहे : मधली गती लावून उजव्या नटाच्या खिडकीतून पाहावे, आतल्या सळईचे टोक आसाच्या टोकाशी अगदी समपातळीत दिसले पाहिजे. मागे-पुढे दिसल्यास तारेचा स्क्रू फिरवावा. मुलांनाही हे दाखवून ठेवावे. उलट पायडलाने लागणारा ब्रेक ज्यात आहे असे जुने तीन गतींचे हब आल्यास त्याच्या एकट्याच्या भरवशावर कोणास पाठवू नये. त्या रिकाम्या जागेत तो ब्रेकही लागत नाही.

जुन्या हबाला तेलाचे छिद्र असते. महिन्यास चमचाभर यंत्राचे तेल पुरे. खोबरेल किंवा गोडेतेल घातल्यास ते आत चिकट होऊन बसते. नव्या हबात वंगण भरलेले असते, त्यास छिद्र नसते, आणि ते शोधीत बसण्याचेही कारण नाही.