मालमोटारीचा दुहेरी रंग

गेल्या मार्गशीर्षांत आम्ही पेणेस भगिनीच्या घरीं आठ-दहा दिवस राहावयास गेलों होतों. अंगणांत पाऊल टाकतों तों पडवीलगत एक लहान मालमोटार उघडीबोडकी उभी. दिवे काढलेले, कांचांवर जुनीं वर्तमानपत्रें चिकटवलेलीं, पत्र्यावर ठिकठिकाणीं लांबीचे पांढरे डाग. एखादा दुखणेकरी अंथरुणावर उठून बसावा तशी ती दिसत होती. गाडी आमच्या भाच्याची. भाद्रपदापूर्वी गणपतीच्या मूर्ति मुंबईस व पुण्यास पोंचवाव्या, एरवीं पोहे, पापड, किराणा असें जें मिळेल तें वाहावें, हा त्याचा व्यवसाय.

गाडीस नवा रंग द्यावयाचा होता, आणि तोहि साधा नव्हे. दारें व खालचा भाग तकतकीत. बॉनेट व टप मात्र मंद, म्हणजे हल्लींच्या बोलींत ‘मॅट’. “मामा, रंग एकच, पण कांति दोन,” असें त्यानें आम्हांस समजावून सांगितलें. पैसे उधळण्याचा हा नवा मार्ग दिसतो, असें आमच्या मनांत आलें. परंतु चौकशी करतां गोष्ट वाटली तितकी पोरकट निघाली नाहीं.

बॉनेटवर पडलेलें ऊन हांकणाऱ्याच्या डोळ्यांवर परततें, हा पहिला मुद्दा. विमानांतहि वैमानिकाच्या कांचेपुढील नाकाड्यावर याच कारणासाठीं अनेकदां मंद रंग देतात. दुसरा मुद्दा चिखलाचा. पेण ते रोहा हा प्रदेश पावसाळ्यांत कसा असतो, हें तिकडील वाचकांस सांगावयास नको. मंद रंगाच्या खडबडीत अंगांत चिखल व तेल अडकून राहतें, तकतकीत रंगावरून तें पाण्यासरशीं निघतें. म्हणून खालीं चकाकी हवी.

चकाकी म्हणजे तरी काय? रंगांत मुख्यतः तीन वस्तु असतात : रंगद्रव्याची भुकटी, तिला धरून ठेवणारा बंधक, आणि वाळतांना उडून जाणारा द्रव. बंधक भरपूर असला म्हणजे तो भुकटीवर पसरून सपाट बसतो, आणि प्रकाश आरशावरून परतावा तसा एकाच दिशेनें परततो. मॅट रंगांत सिलिका नांवाच्या, वाळूच्याच कुळांतील द्रव्याची अतिसूक्ष्म पूड घातलेली असते. द्रव उडून पापुद्रा आकसला, कीं हे कण वर डोकावतात. पृष्ठभाग डोळ्यांना न कळेल इतका खडबडीत होतो, व प्रकाश चहूंकडे विखुरतो. आणि यांतील भुकटी पाहावयास पेणकरांना दूर जावें लागत नाहीं. रोह्याजवळ धाटावच्या औद्योगिक वसाहतींत सुदर्शन केमिकल या पुण्याच्या कंपनीचा रंगद्रव्यांचा कारखाना आहे. याच कंपनीनें २०२५ सालीं जर्मनींतील ह्यूबाख हा रंगद्रव्यांचा जुना उद्योग विकत घेतला. कुंडलिकेकाठच्या गांवाचा धागा असा राईनकाठच्या देशापर्यंत पोंचला आहे.

रंगारी पेणचाच होता. पावसाळाभर तो मूर्तिकाराकडे काम करतो, उरलेल्या दिवसांत गाड्या रंगवतो. पेण, हमरापूर, जोहे या टापूंतून दरवर्षीं लाखों मूर्ति बाहेर पडतात; तेव्हां ब्रश व फवारा यांत हात बसलेलीं माणसें येथें घरोघर सांपडतात. त्याला आम्हीं मॅटविषयीं विचारलें. तो म्हणाला, “काका, गणपतीच्या गालावर आरसा करायचा नसतो. मुकुट चमकला पाहिजे, अंग नाही. गाडीचंही तसंच बघा.” सौंदर्यशास्त्रावरील पुष्कळ व्याख्यानें आम्हीं ऐकलीं आहेत, इतकें थोडक्यांत कोणीं सांगितल्याचें स्मरत नाहीं.

भाच्याच्या मनांत मूळ रंग लष्करी गाड्यांचा हिरवा होता. तो बेत आम्हींच मोडला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १२१ व्या नियमानें तो ऑलिव्ह हिरवा रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठीं राखून ठेवला आहे. इतरांनीं तो लावूं नये. शेवटीं गडद निळा ठरला, आणि रंग बदलल्याची नोंद नोंदणीपुस्तकांत करून घेण्यासाठीं परिवहन कार्यालयाकडे अर्ज गेला. ही नोंद पुष्कळजण विसरतात, आणि पुढें गाडी विकतांना किंवा विम्याचे वेळीं त्यांना तिची आठवण होते.

दोन कांतींमधील रेघ सरळ यावी म्हणून कागदी चिकटपट्टी लावतात. तिचा जन्मच दुरंगी मोटारींपायीं झाला. अमेरिकेंत त्या काळीं अशा मोटारींचा षोक होता. रंगारी वर्तमानपत्रें डिंकानें चिकटवीत, आणि तीं काढतांना नवा रंगहि सोलून येई. त्यांची चिडचीड थ्री एम कंपनीच्या रिचर्ड ड्रू या नोकरानें पाहिली, आणि १९२५ सालीं हळुवार निघणारी पट्टी तयार केली.

मंद रंग देणें तकतकीतापेक्षां अवघड. डब्यांतील सिलिका तळाशीं बसते. तळापर्यंत ढवळलें नाहीं तर एक पत्रा मंद व दुसरा अर्धवट चकाकता निघतो. फवाऱ्याचें अंतर व हाताचा वेग बदलला कीं पट्टे उमटतात. तकतकीत रंगावर धूळ बसली तर पॉलिश पेपरनें घांसून पुन्हा चकाकी आणतां येते. मॅटला ती सोय नाहीं, सबंध पत्राच फिरून रंगवावा लागतो. म्हणून आधीं तकतकीत भाग पुरा करून सुकवावा, तो झांकावा, आणि मॅट शेवटीं मारावा. हवा दमट असूं नये हें तर झालेंच. मार्गशीर्ष निवडला तो त्याचसाठीं.

येथवर आम्ही कौतुकानें पाहत होतों. डब्याच्या पाठीवरचीं बारीक अक्षरें वाचण्याची आम्हांस जुनी खोड आहे. भाच्यानें आणलेला रंग दोन डब्यांचा, हार्डनर मिसळून वापरावयाचा होता, आणि हार्डनरच्या डब्यावर ‘आयसोसायनेट’ हा शब्द होता. या द्रव्याचें बारीक तुषार श्वासांत गेलें तर दमा जडतो. आणि एकदां जडला कीं पुढें त्याचा अंशमात्रहि झटका आणावयास पुरतो. वास येईपर्यंत मात्रा घातक होऊन चुकलेली असते, तेव्हां नाकाचा भरंवसा नाहीं. बाहेरून शुद्ध हवा पुरविणारा मुखवटा लागतो. आमच्या रंगाऱ्याच्या तोंडाला रुमाल होता. शेजारीं सतरा-अठरा वर्षांचा त्याचा पुतण्या कॉम्प्रेसर सांभाळीत उभा. आणि पडवीच्या खिडकीआड आमच्या भगिनीच्या सासूबाई, ज्यांना पंधरा वर्षें दमा आहे.

आम्हीं काम थांबवा म्हटलें. भाचा रागावला. “सगळे असंच करतात, मामा.” रंगारीहि म्हणाला, “वीस वर्षं मारतोय, काय झालं नाय.” एवढें बोलतांना तो दोनदां खोकला. भगिनी दारांत येऊन उभी राहिली. ती कांहीं बोलली नाहीं, पण सासूबाईंचें अंथरूण तिनें माजघरांत नेलें. तेव्हां भाचा निमूटपणें डबे परत करावयास गेला.

त्याऐवजीं हार्डनर न लागणारा साधा सिंथेटिक इनॅमल आला, एक तकतकीत व एक मॅट. थिनरचा उग्र दर्प त्यालाहि असतोच. म्हणून गाडी घरापासून दूर, मोकळ्या शेडमध्यें नेली, आणि दोघांसाठीं वाफा शोषणारे मुखवटे आणले. मुखवट्यांचे पैसे आम्हीं दिले, हें भाच्यानें अद्याप विसरूं दिलेलें नाहीं. तीन दिवसांच्या कामास आठ दिवस लागले, कारण प्रत्येक थर सुकेपर्यंत थांबावें लागे. मागील फळीवर अक्षरें लिहिणाऱ्यानें मॅटवर लिहिण्यास साफ नकार दिला. चुकलेला फटकारा त्यावरून पुसतां येत नाहीं, डाग राहतो. फळी तकतकीत करून घ्यावी लागली.

यंदा भाद्रपदानंतर गाडी पुन्हा पाहिली. दारांची चकाकी एका पावसांत थोडी उतरली आहे. हार्डनरचा रंग अधिक टिकला असता, हें भाच्याचें म्हणणें खरें आहे. बॉनेट मात्र चांगलें मंद राहिलें आहे. फक्त कांच पुसतांना तो जेथें रोज डावा तळहात टेकतो, तेथें घासून घासून पंजाएवढी जागा तकतकूं लागली आहे.