वस्तऱ्याची 'कला'

वस्तऱ्याने स्वतःची दाढी करायला शिकणं ही म्हणे आता 'कला' झालीय! परदेशी पातं, चामडी पट्टा, लाकडी डबी... हौसेला मोल नाही, शिका की. कातडी ताणलेली, पातं साधारण ३० अंशांत, हात हलका. पण आमच्या शिरवण्यातला सलूनवाला हेच दिवसभर परक्याच्या गळ्यावर करतो, तेव्हा ती नुसती हजामत. आणि 'हजामत' आपण शिवीसारखी वापरतो. १८९० साली मुंबईच्या नाभिकांनी, नारायण मेघाजी लोखंडेंच्या पुढाकाराने, विधवांचं केशवपन करायला नकार दिला, हे किती हौशांना ठाऊक असतं? मी म्हणतो, व्हिडिओ राहू द्या, सलूनवाल्याकडेच शिका. शिकवणीचे पैसेही द्या. वस्तरा मागवताना घासाघीस केली नव्हती ना?